वेसल भावजींचं काडतूस

“आणि समोर एलंड आला तर?” वेसल भावजी म्हणाले.

“कुठे येणार? स्वयंपाकघरात?” ताईनं विचारलं, आणि मक्याच्या लापशीच्या पातेल्यावर झाकण आदळलं.

“ड्रीना, मी गंभीरपणे बोलतोय. एलंड म्हणजे बैलाएवढं हरीण. त्याच्यापुढे सात-मिलीची गोळी म्हणजे डास.”

“तू आयुष्यात एक तरी एलंड मारलायस?”

“मुद्दा तो नाही.”

“मग मुद्दा काय आहे?”

“मुद्दा हा, की काडतूस निवडताना आपण आज काय मारतो ते बघायचं नसतं. पुढे काय मारू शकू ते बघायचं असतं.”

“साठी आली तुझी,” ताई म्हणाली. “पुढे काय मारणार आहेस तेवढं सांग, म्हणजे मी त्या मापाचं पातेलं आणून ठेवते.”

मी टेबलाच्या कडेला बसून कॉफीत टोस्ट बुडवत होते. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, मेहुणी आहे, मीमी तरी आपल्या बाजूनं बोलेल. मी टोस्ट बुडवत राहिले. नवरा गेल्यापासून मी या घराच्या मागच्या खोलीत राहते, आणि इथे राहायचं तर सकाळच्या भांडणात पडायचं नाही, हे मी लवकरच शिकले. शिवाय या भांडणाला आता वर्षं झाली होती. माझ्या खोलीतलं पांघरूण दोनदा बदललं, भावजींचं काडतूस काही ठरलं नाही.

खिडकीच्या फळीवर, ताईच्या पुदिन्याच्या आणि ओव्याच्या कुंड्यांच्या मध्ये, ती काडतुसं उभी होती. दारू काढलेली, नुसती पितळ आणि शिसं. सिक्स-फाइव्ह, सात-मिली, तीन-शून्य-आठ, तीन-सात-पाच, आणि कडेला आमच्या बाबांचं जुनं नऊ-तीन. रोज सकाळी भावजी त्यांतलं एखादं उचलत, तळहातावर तोलत, उजेडात धरून बघत आणि परत ठेवत. ताईला रोज फळी पुसताना ती सगळी उचलावी लागत. तिच्या कुंड्यांना पाणी घालायला माणूस नव्हता, पण काडतुसांवरची धूळ भावजी स्वतःच्या रुमालानं पुसत.

एवढ्यात जावई आत आला. रुआन. भाचीचं, लिझलचं घर बांधून होईपर्यंत ती दोघं आमच्याकडेच होती, आणि ते घरही भावजींच्या काडतुसासारखंच चाललं होतं.

“बाबांनी ठरवलं का मग?” रुआननं खुर्ची ओढत भावजींनाच विचारलं. सासऱ्याशी तो असंच बोलतो, ‘तुम्ही’ न म्हणता. “मी बाबांना सांगतो, सिक्स-फाइव्ह. सगळे तेच घेतात आता. धक्का नाही, गोळी सरळ रेषेत जाते. बाबा आकडे बघतील तर बाबांना पटेल.”

“सिक्स-फाइव्ह पोरीबाळींसाठी आहे,” भावजी म्हणाले.

“मग बाबांना त्याचीच गरज आहे,” लिझल आतून ओरडली. बापाची लेक नव्हती ती, आईची होती.

त्या दिवशी आम्हाला रेनहोल्डकडे जायचं होतं. म्हणून भांडण नेहमीपेक्षा जोरात होतं. रेनहोल्ड बंदुका बांधतो. म्हणजे दुकानातून तयार घेतात तशी नव्हे, माणसाच्या खांद्याच्या मापानं, हाताच्या मापानं, त्याच्या पसंतीच्या लाकडाची. आमच्या वॉटरबर्गच्या भागात ज्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, तो एक गुरांचा गोठा बांधतो, एक मुलगी डॉक्टरला देतो आणि एक रायफल बांधून घेतो. भावजींचा गोठा नव्हता आणि लिझल रुआनच्या गळ्यात पडली होती. उरली रायफल.

आणि ती रायफल बांधायची तर आमच्या बाबांची बंदूक मोडावी लागणार होती.

बाबांची जुनी जर्मन माउझर रायफल. बंदुका बांधणारे लोक तसल्या जुन्या बंदुकीवर जीव टाकतात. तिच्या मधल्या भागाचं, ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो त्या घराचं पोलाद आता कुणी तसं बनवत नाही म्हणे. ते घर तेवढं ठेवायचं. नळी काढून भंगारात, दस्ता काढून शेकोटीत. नवी नळी, नवं अक्रोडाचं लाकूड. बाबांच्या गालानं जिथे तो दस्ता काळपट गुळगुळीत झाला होता, तो भागही शेकोटीत. ताई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिनं नवऱ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. या बंदुकीबद्दल मात्र तिनं दोनदा सांगितलं होतं, “वेसल, ती तशीच राहू दे.” दोन्ही वेळा भावजींनी तिला मान हलवून दाखवली आणि पुन्हा काडतूस उचललं.

वेसल ब्रूवर हा मनुष्य वाईट नाही. वाईट असायलाही काहीतरी ठरवावं लागतं. आमच्या गावच्या शेतकरी संघाच्या दुकानात ते आयुष्यभर पंपांच्या काउंटरवर होते. शेतकरी पंप घ्यायला यायचा आणि पंपांबद्दल ऐकून घरी जायचा. बूट घ्यायला गेले तर भावजी दोन वेगळ्या जोड्यांमधला एकेक बूट घालून दुकानात येरझाऱ्या घालत, आणि शेवटी जुनेच बूट घालून परत येत. लिझलचं नाव बाप्तिस्म्याच्या दिवसापर्यंत ठरलं नव्हतं. पाद्री हात ओला करून उभा, बाळ थंडीनं रडतंय, आणि भावजी म्हणतायत, “माझ्या आजीचं नाव की हिच्या आजीचं, त्यात असं आहे की...” ताईनं पाद्र्याला नाव सांगितलं. त्यांच्या लग्नाची तारीखही तिनंच सांगितली होती. नाहीतर भावजी अजून आमच्या अंगणात टोपी हातात घेऊन हवामानाबद्दल बोलत उभे असते.

पण शिकारीच्या गोष्टी! दर रविवारी चर्चनंतर अंगणात माणसं चहा घेत उभी राहिली की भावजींचा आवाज सगळ्यात वर. गव्याबद्दल बोलायचे. गवा त्यांनी पाहिला होता, नाही असं नाही. राष्ट्रीय उद्यानात, गाडीच्या काचेतून, काच वर करून. पण गवा अंगावर आल्यावर किती जड गोळी किती वेगानं कुठे बसली पाहिजे हे ते असं सांगत, की समोरच्या माणसाच्या हातातला कप हलायचा. त्यांच्या तिजोरीत बंदुका होत्या चार. एका माणसाच्या नावावर चारच ठेवता येतात म्हणून चार, नाहीतर भिंत फोडून तिजोरी मोठी केली असती. आणि त्या चारांनी मिळून जेवढी शिकार केली, तेवढी माझ्या मांजरानं पावसाळ्यात केली असेल.

दरवर्षी थंडीत आम्ही सगळे आमच्या भावाच्या, फानुसच्या फार्मवर जातो. बाप्ये रानात जातात, मी आणि ताई मागच्या पडवीत मांसाला बसतो. वर्षाचं बिल्टाँग, म्हणजे सुकवलेलं मांस, तिथेच होतं. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ, व्हिनेगर, भाजून भरड कुटलेले धणे चोळायचे, आकड्यांना टांगायच्या. बंदूक कशी आहे, गोळी कशी आहे, हे बाप्यांना शेकोटीपाशी कळतं म्हणे. आम्हाला ते सुरी लावल्यावर कळतं. वेगाची हलकी गोळी जवळून बसली की आतलं मांस फुटून त्याची काळीनिळी जेली होते. ते मांस टांगता येत नाही, आंबतं. हातभर भाग कापून कुत्र्यांना टाकावा लागतो. भावजींच्या सात-मिलीवर फानुसची कुत्री गुबगुबीत झाली होती.

बाबांच्या नऊ-तीनचं तसं नव्हतं. जाड, संथ, म्हातारं काडतूस. त्याचं भोक अंगठ्याएवढं, आणि भोकाच्या कडेपासून मांस लाल, स्वच्छ. बाबा काडतुसाची परीक्षा एकाच गोष्टीनं करत. आईच्या खांद्यावरून वाकून बघत आणि विचारत, “भोकापर्यंत खाता येतंय का?” येतंय म्हटलं की कॉफी प्यायला जात. बाकीचे आकडे त्यांना ऐकूही यायचे नाहीत.

बाबा गेल्यावर बंदूक फानुसला जायची होती. फानुस म्हणाला, “माझ्याकडे आहेत, ड्रीनाला द्या.” भावजींना आनंद झाला. पण चार आधीच होत्या, पाचवी त्यांच्या नावावर बसत नव्हती. मग त्यांनीच शक्कल काढली. बायकोच्या नावावर परवाना काढायचा. “नावापुरती तुझी,” ते ताईला म्हणाले, आणि आपण काय डोकं चालवलं म्हणून दिवसभर शीळ घालत फिरले.

आता परवान्यासाठी आमच्याकडे परीक्षा द्यावी लागते. वर्गात बसावं लागतं, चांदमारीवर जाऊन गोळ्या माराव्या लागतात. भावजी तिला सोडायला गेले तेव्हा गाडीतून सांगत होते, “घाबरू नकोस, नुसता चाप ओढायचा, पास करतात ते.” ताई संध्याकाळी परत आली आणि बटाटे सोलायला बसली. मी विचारलं, कसं झालं? म्हणाली, “बरं झालं.” पुढे फानुसकडून कळलं, तिथल्या मास्तरनं तिचा गोळ्या मारलेला नेमाचा कागद भिंतीवर लावून ठेवलाय, नव्या पोरांना दाखवायला. ताईला बाबांनी लहानपणी शिकवलं होतं. भावजींना ते ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

तर आम्ही रेनहोल्डकडे गेलो. परवाना ताईचा, म्हणून ताईला यावंच लागलं. मी गेले कारण मला ऐकायचं होतं.

रेनहोल्डच्या दुकानात तेलाचा, लाकडाच्या भुशाचा आणि शिळ्या कॉफीचा वास असतो. तो बंदुका कमी बांधतो आणि बोलतो जास्त, म्हणून त्याचं आणि भावजींचं इतकी वर्षं छान जमलं. गिऱ्हाईक जे काडतूस म्हणेल, ते रेनहोल्डला उत्तम वाटतं.

“सात-मिली? उत्तम. सिक्स-फाइव्ह? तेही उत्तम,” तो म्हणाला. “पण वेसल, यंदा तरी सांगून टाक. नळी मागवायला वेळ लागतो.”

भावजींनी खोल श्वास घेतला. खिशातून ते मोठं काडतूस काढून टेबलावर उभं केलं.

“तीन-सात-पाच,” म्हणाले.

“उत्तम!” रेनहोल्ड म्हणाला. मग बाबांची बंदूक उचलून बोल्ट काढला आणि काडतूस त्या घराशेजारी धरलं. “लांब आहे हे. तुझ्या सासऱ्याच्या बंदुकीचं घर छोट्या काडतुसाचं. पुढून, मागून, आतून घासावं लागेल.”

“किती?” ताईनं विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली.

“असं,” रेनहोल्डनं बोटानं पोलादावर रेघ काढली. “बसेल. बसवलीत मी बरीच. पण एक सांगतो बाई, घासलं की घासलं. नखासारखं परत वाढत नाही ते. मग पुन्हा म्हणाल जुनं काडतूस पाहिजे, तर तसं नीट चालायचं नाही.”

“कशाला म्हणू?” भावजी म्हणाले. “एकदा ठरलं की ठरलं.”

हे ऐकून मला हसू आलं. मी खोकल्यासारखं केलं.

“परवाना कुणाच्या नावावर?” रेनहोल्डनं विचारलं.

“माझ्या,” ताई म्हणाली.

“मग सही बाईंची.”

“हो, हो,” भावजी म्हणाले. “नावापुरती हिची आहे ती.” एखाद्याची छत्री आपण धरून उभे आहोत, अशा आवाजात म्हणाले.

ताईनं पेन घेतलं नाही. तिनं बोल्ट उचलला, पदराला हात पुसावा तसा एप्रनच्या कडेला पुसला (एप्रन काढायचं ती विसरली होती, तशीच आली होती) आणि परत बंदुकीत सरकवला. “थंडीची शिकार होऊ दे,” म्हणाली. “मग बघू.”

“बरोबर आहे!” भावजी म्हणाले. त्यांना वाटलं, बायकोनं मुदत दिली. मुदत मिळाली की त्यांना नेहमीच बरं वाटतं. “या थंडीत मी सात-मिलीनंच मारतो. तुम्हालाच दिसेल, हलकं पडतं ते.”

फार्मवर गेलो तेव्हा गवतावर दंव होतं. फानुस अजूनही बाबांचा नियम पाळतो. रानात जाण्याआधी प्रत्येकानं खोक्यावर एक गोळी मारून दाखवायची, पाहुणा असो नाहीतर पाद्री. वारुळाला टेकवून पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं. लेसिबा पिकअपला टेकून उभा होता. हा फानुसच्या फार्मचा मुकादम. बाबांच्या वेळेपासून रानात माग काढतो, आणि कुणाच्याही तोंडावर काहीही बोलतो.

“आज कुठलं काडतूस आणलंय?” त्यानं भावजींना विचारलं. “गेल्या वर्षीच्या काडतुसानं माझे पाय मोडले.”

“म्हणूनच मी बदलतोय ना!” भावजी म्हणाले. “लेसिबा, तू सांग, एलंडला—”

“एलंडनं तुमचं काय केलंय?” लेसिबा म्हणाला. “खोक्याला मारा.”

भावजी पोत्यावर बंदूक टेकवून बसले. बसता बसता रुआनला समजावत होते. गोळीचं वजन, वेग, हाड, पल्ला. बोलता बोलता बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला, डोळा दुर्बिणीला लावला. आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. भावजींनी चाप ओढला.

टक.

आत काडतूसच नव्हतं. व्याख्यानाच्या नादात भरायचं राहिलं होतं. पण भावजींना ते ठाऊक नव्हतं. त्यामुळे आवाज नसताना जे दिसायला नको होतं ते आम्हा सगळ्यांना दिसलं. चाप ओढायच्या आधीच त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटले, दात आवळले, मान खांद्यात घातली, आणि नळी धपकन खाली झुकली. कडू औषध पिणारं पोर असं करतं.

रुआन आपल्या बुटांकडे बघायला लागला. लांब कुठेतरी होला घुमत होता.

“चाप जड झालाय,” भावजी म्हणाले.

“हो,” लेसिबा म्हणाला. “आणि पापण्याही.”

फानुसनं तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. इतकी वर्षं मी धरून चालले होते की भावजींना नेम जमत नाही, जसं काहींना गाणं जमत नाही. तसं नव्हतं. या माणसाला बंदुकीची भीती वाटत होती. चर्चच्या अंगणात गवे लोळवणाऱ्या माणसाला स्वतःच्या खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची भीती. आणि त्यावर त्यांनी शोधलेला उपाय काय, तर दुप्पट लाथ मारणारं काडतूस. त्यासाठी बाबांची बंदूक घासायची.

मी ताईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती खोक्याकडे बघत होती.

“ताई, तू मार की एक,” फानुस म्हणाला. भावजींनी बाबांची बंदूकही आणली होती, पाहुण्यांना शेवटचं दाखवायला. “बाबांची आहेच इथे.”

“आत्ता नको,” ताई म्हणाली. “मला सुऱ्या लावायच्यात.”

भावजींनी मग काडतूस भरून खोक्याला एक मारली. वारूळ फुटलं. फानुस म्हणाला, चालेल, वारूळ जवळच होतं. मेहुण्याला परत पाठवायची त्याची छाती नव्हती. बाबांनी पाठवलं असतं.

दुपारपर्यंत आम्ही वाट पाहिली. दोन आवाज ऐकू आले, मग बराच वेळ काही नाही, मग खूप लांबून एक. पिकअप आली तेव्हा मागे कुडू हरणाची मादी होती आणि लेसिबाची विजार गुडघ्यापर्यंत काट्यांनी फाटलेली होती. तो उतरला आणि सरळ पाण्याच्या नळाकडे गेला. जाता जाता ताईला म्हणाला, “पहिली गोळी आभाळाला, बाई. दुसरी हिच्या पोटाला. तिसरी मारली फानुसनं. बिचारी टेकडीच्या पलीकडे गेली होती.”

“पोटात?” ताईनं विचारलं.

“पोटातून मागच्या मांडीत.”

आम्ही जनावर टेबलावर घेतलं. कातडी निघाली तेव्हा मी नाकाला रुमाल लावला. मागची एक मांडी पूर्ण गेली होती, आत हिरवं आणि काळं एकत्र. पुढच्या बाजूला फानुसच्या गोळीचं भोक, तेवढंच नीट. ताईनं सुरी लावली. कापत गेली, बाजूला टाकत गेली. कुत्री रांगेत येऊन बसली, त्यांना भावजींचा हंगाम कळतो.

भावजी कॉफीचा कप घेऊन पडवीत आले. त्यांनी पाहिलं, आणि मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल.

“बघ!” ते म्हणाले. “बघितलंस ना, ड्रीना? मी काय म्हणत होतो? काडतूस हलकं पडतं. तीन-सात-पाच असतं तर जागच्या जागी बसली असती.”

ताईची सुरी थांबली.

“काडतूस हलकं पडलं,” ती म्हणाली.

“मग? तूच बघ ना मांस.”

“बघतेय.”

“सोमवारी रेनहोल्डला सांगून टाकू. आता शंका राहिली नाही.” त्यांनी कॉफीचा घोट घेतला. कुडूच्या उघड्या डोळ्याकडे त्यांचं एकदाही लक्ष गेलं नाही. “एका परीनं बरंच झालं. ठरवायला मदत झाली.”

मी या माणसाला त्याआधी हसले होते, त्याचा कंटाळा केला होता, त्याची कीवही कधीकधी आली होती. त्या पडवीत मला त्याच्याकडे बघवेना. एक जनावर फुटलेल्या पोटानं टेकडी ओलांडून गेलं, आणि याला मदत झाली.

ताईनं सुरी पुन्हा चालवली. चांगल्या मांडीतून तिनं पट्ट्या काढल्या, मी मीठ चोळलं. फानुसच्या गोळीच्या जागी पोचली तेव्हा तिनं भोकाभोवती बोट फिरवलं, आणि अगदी कडेपर्यंत कापून घेतलं. संध्याकाळी आकड्यांना टांगायला गेलो तर निम्मे आकडे रिकामे होते.

घरी आलो. रविवार आला. चर्चच्या अंगणात भावजींनी सगळ्यांना सांगितलं, ठरलं म्हणून. लोकांनी पाठ थोपटली. कुडूची गोष्टही सांगितली त्यांनी, तिच्यात कुडू नर झाला होता आणि वारा आडवा होता. रुआन शेजारी उभा राहून मान हलवत होता. जावयाला घर पुरं होईपर्यंत मान हलवणं भाग होतं.

जेवायला बसलो. भात, कोंबडी, भाजलेले बटाटे, दालचिनी घातलेला गोड भोपळा, सगळं रविवारचं. भावजींनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली. डोळे मिटायचं काम त्यांना चांगलं जमतं. मग नॅपकीन मांडीवर घेत म्हणाले, “उद्या सकाळी लवकर निघू, ड्रीना. रेनहोल्डकडे तुझी सही तेवढी लागेल.”

मी सहज खिडकीकडे पाहिलं. फळी पुसलेली होती. पुदिना, ओवा, आणि दोन्हींच्या मध्ये एकच काडतूस उभं होतं. बुटकं, जाडं, म्हातारं.

“माझी काडतुसं कुठे गेली?” भावजींनाही त्याच वेळी दिसलं.

“डब्यात भरून ठेवलीत,” ताई म्हणाली. ती रुआनच्या ताटात भात वाढत होती.

“का?”

“फळी पुसायची होती.”

“बरं, पण तीन-सात-पाच मला उद्या न्यायचंय.”

“न्यायचं नाहीये.”

“म्हणजे?”

“सही मी करणार नाही.”

भावजी हसले. टेबलाभोवती बघून हसले, लिझलकडे, रुआनकडे, माझ्याकडे. “अगं, असं काय करतेस? ती फक्त नावापुरती—”

“हो,” ताई म्हणाली. “माझ्या नावापुरती.”

“आईनं थोडा विचार करावा,” रुआन हळूच म्हणाला. “बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलंय.”

“बाबांनी एलंडही सगळ्यांना सांगितलाय,” लिझल म्हणाली. “गप्प बस तू.”

“ड्रीना,” भावजींचा आवाज बारीक झाला होता, “इतकी वर्षं मी विचार करून, अभ्यास करून, आता कुठे ठरवलं—”

ताईनं भाताचा मोठा चमचा भांड्यात ठेवला आणि बसली. नॅपकीन उलगडला. आवाज तिनं चढवला नाही. चहात साखर किती घालू, असं विचारावं तशी बोलली.

“बाबांची बंदूक मोडायची नाही, घासायची नाही. तिचं काडतूस नऊ-तीन आहे आणि तेच राहील. पुढच्या थंडीत फानुसकडे बंदूक घेऊन मी जाणार. वेसल पडवीत मांसाला बसेल. सुरी कशी धरायची ते मीमी त्याला शिकवेल. भोपळा घे, रुआन, गार होतोय.”